तीन विती, उणे एक बोट

*झांजवाला : टोपी देखणी आहे. पण डोक्यावर बसत नाही, नुसती उभी राहते.*

चोवीस टोप्या रविवारी सकाळी परत आल्या. ज्या खोक्यांतून गेल्या होत्या त्याच खोक्यांतून, आणि प्रत्येकीच्या काठाला टाचणीनं एकेक चिठ्ठी लावलेली. बँडमास्तर भला माणूस. त्यानं आपल्या चोवीस वादकांना सांगितलं होतं की ज्याचं जे काय म्हणणं असेल ते कागदावर लिहा, कारण टोप्या करणारी बाई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्यासमोर आपल्यापैकी कुणाचं तोंड उघडायचं नाही. खोकी दारात ठेवून त्यानं बाईच्या थोरल्या मुलाला एवढंच विचारलं की पुढच्या रविवारपर्यंत काही होईल का. पुढच्या रविवारी नव्या पुलावर बँड वाजणार होता. थोरला हो म्हणाला. कशाच्या जोरावर म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मास्तर गेल्यावर त्यानं मोठ्या ढोलवाल्याची टोपी उचलली. त्या माणसाचं आणि थोरल्याचं डोकं एकाच मापाचं. यादी आली तेव्हा त्यावरून घरात हसणंही झालं होतं. त्यानं टोपी घातली. ती कानांच्या बरीच वर थांबली. दाबली तर कपाळ आवळलं. दुसरी घातली, तिसरी घातली. मग तो आरशापुढून बाजूला झाला, कारण सदतीस वर्षं टोप्या करणाऱ्या माणसानं रविवारी सकाळी एकामागून एक आखूड टोप्या घालून बघणं हे त्यालाच बघवेना.

पाटीवर ‘स्टुडिओ’ लिहिलेलं असलं तरी घरात त्या जागेला ‘खाली’ म्हणत. राहायचं वर, काम खाली. ‘आई कुठाय?’ ‘खाली.’ एवढ्यावर भागायचं. खाली कापायचं लांबलचक टेबल, खिडकीशी आईची खुर्ची, मागच्या अंगाला वाफेची किटली आणि रंगाची पातेली, आणि भिंतीवर तीन फळ्यांवर लाकडी साचे. साच्यांवर आकडे नव्हते, नावं होती. सगळ्यांत मोठा तो ढब्बू, मग मुनीम, मग मावशी, आणि असे बरेच. आई घामपट्टीवर खडूनं माप टाकायची. घामपट्टी म्हणजे टोपीच्या आत कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी. सून ती खडूवर कापायची. थोरला पट्टी साच्याभोवती गुंडाळून बघायचा आणि बरोबर बसेल त्या साच्यावर वाफवलेलं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, ओढायचा.

या वेळी ढब्बू एकदाही फळीवरून उतरला नव्हता. ते थोरल्याला आता आठवलं. तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, वाजवणाऱ्यांची डोकी लहान असतात की काय. मनातल्या मनात हसलाही होता.

*

*मोठा ढोल : कपाळावर वळ उठला. बायकोनं विचारलं, कुणी मारलं.*

आई अजून वर होती, केस विंचरत होती. तेवढ्या अर्ध्या तासात घरात तीन पक्ष झाले.

थोरल्याचं म्हणणं, फेल्ट आटलं असं सांगू. वाफ जास्त बसली, चूक माझी, विषय संपला.

आत्याचं म्हणणं, बँडवाल्यानं यादीच चुकीची दिली. आत्या म्हणजे वडलांची थोरली बहीण, ऐंशी पार केलेली, फितीची फुलं करायची, आणि तिला जे ऐकायचं नसेल ते ऐकू यायचं नाही. ज्याला सूर कळतो त्याला सेंटीमीटर कळतोच असं कुठाय, असं तिनं विचारलं आणि स्वतःच मान डोलावली.

धाकटीचं म्हणणं, आधी मोजू. धाकटी, थोरल्याची बहीण, दर रविवारी जेवायला यायची. ती मोजणी खात्यात होती. शेतं, रस्ते, नदीकाठ मोजायची आणि पिशवीत पोलादी टेप बाळगायची. टोप्यांतून ती विसाव्या वर्षीच बाहेर पडली होती. आईनं त्यावर तेव्हा एवढंच म्हटलं होतं की बरं, कुणीतरी मोठं काहीतरी मोजावं.

सुनेचं म्हणणं कुणी विचारलं नाही. ती खोक्यांतून टोप्या काढून टेबलावर ओळीनं मांडत होती. टोप्यांचा रंग तिचा होता, ओल्या पाटीचा, चार वेळा बुडवून मिळवलेला. क्लॅरिनेटवाल्या बाईनं चिठ्ठीत लिहिलं होतं की रंग इतका सुंदर आहे की मी घरात पाच मिनिटं टोपी घालून बसते, सहाव्या मिनिटाला डोकं दुखतं.

थोरला बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाला, फेल्ट आटलं असंच म्हणायचं, तूही तसंच म्हण. तिनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे अठरा वर्षांच्या संसारानंतरही त्याला सांगता आलं नसतं.

*

*बासरीवाली : माझी अगदी बरोबर बसली. पण मी यादीत माप चुकून दोननं जास्त दिलं होतं. माफ करा.*

धाकटीनं ही चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुर्ची ओढून बसली.

तिनं टोप्या आतून मोजायला घेतल्या. यादीत अठ्ठावन्न, टोपीत छप्पन्न. यादीत साठ, टोपीत अठ्ठावन्न. यादीत छप्पन्न, टोपीत चोपन्न. दहाव्या टोपीनंतर ती आकडे लिहायची थांबली. कात्री चुकली तर एक टोपी सैल होते, एक घट्ट. फेल्ट आटलं तर मोठी जास्त आटते, लहान कमी. सगळीकडे सारखंच उणं येतंय म्हणजे मोजणारा नीट मोजतोय आणि मोजायची साखळीच आखूड आहे. असली साखळी तिनं खात्यात एकदा पकडली होती. एका आख्ख्या गावाची शेतं त्या साखळीनं वाढवून ठेवली होती.

या घरातली साखळी म्हणजे आईची वीत.

खिडकीशेजारी भिंतीवर वडलांच्या अक्षरातला तक्ता होता. साठ म्हणजे तीन विती. अठ्ठावन्न म्हणजे तीन विती, उणे एक बोट. बासष्ट म्हणजे तीन विती आणि एक बोट. वरच्या कोपऱ्यात: वीत = वीस. आईनं जन्मात टेप वापरला नव्हता. गिऱ्हाईक यायचं, स्टुलावर बसायचं, आई त्याच्या डोक्याभोवती विती टाकायची, तेवढ्याच विती पट्टीवर टाकायची. टोपी बसायचीच. वीत लहान झाली असती तरी बसली असती, कारण डोकंही त्याच विती मोजत होत्या. आणि आजवर गिऱ्हाईक येतच होतं. डोक्यांऐवजी आकडे आले ते पहिल्यांदा या बँडचे. पहिल्यांदाच आई तक्त्याकडे बघून माप टाकत होती, तक्ता मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या हाताचा होता.

धाकटीला कोडं सुटल्याचा आनंद झाला. खरंच झाला, हसूही आलं. तीन वितींत दोन सेंटीमीटर, म्हणजे वितीमागे सात मिलिमीटर. पन्नास वर्षांत सात. छान हिशेब बसला.

मग तिच्या डोळ्यांपुढे आईचा हात आला आणि ती तशीच टेप धरून बसली.

*

*ट्रॉम्बोन : काही लिहिण्यासारखं नाही. बाईंना नमस्कार.*

सुनेला हे आधीच माहीत होतं, आणि तिच्यापुरतं सगळ्यांत वाईट तेच होतं, कारण सहा महिन्यांपासून ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खाली येऊन पंचवीस सुया ओवून उशीला टोचून ठेवत होती आणि आई आली की जणू त्या कालच्याच उरल्यात असं दाखवत होती, मेणाच्या डबीचं झाकण आधीच सैल करून ठेवत होती, जाड कात्री नकळत आपल्या बाजूला सरकवत होती, आणि आईची करंगळी आता सरळ होत नाही, आतल्या आत वळलेली राहते, हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते घरात बोललं गेलं असतं आणि घरात बोललं गेलं असतं तर आईच्या कानावर गेलं असतं; आणि बँडच्या पट्ट्या कापायच्या दिवशी, चौथ्या पट्टीला, ढोलवाल्याच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्याच मापाच्या, तिनं सवयीनं पट्टीचं एक टोक खांद्याला लावलं तर दुसरं टोक मनगटाच्या हाडाशी यायला हवं होतं ते दोन सेंटीमीटर अलीकडेच थांबलं, आणि तिनं वर बघितलं, तर आई खिडकीच्या उजेडात पाचवी पट्टी घेऊन विती टाकत होती आणि गुणगुणत होती, वडील गेल्यापासून अकरा वर्षांत या खोलीत कुणी गुणगुणलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि तिनं खडूवर कात्री चालवली.

खडूवर कापायचं. इथला नियमच तो.

चोवीस वेळा तिनं तो पाळला.

*

आई जिना उतरून आली तेव्हा सगळे वेगवेगळ्या वस्तूंकडे बघत होते. तिनं टेबलावरची रांग पाहिली. चष्मा लावला आणि उभ्यानं एकेक चिठ्ठी वाचत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ढोलवाल्याच्या चिठ्ठीतल्या बायकोपाशी ती थोडी हसली. थोरल्यानं फेल्ट आटल्याचं सुरू केलं. ती म्हणाली की फेल्ट आटलं की काठाला लाट येते, ती कुठाय दाखव. आत्यानं यादीचं काढलं; ती म्हणाली की वन्सं, चोवीस जणांना स्वतःचं डोकं मोजता येत नाही असं कसं होईल. दोन्ही पक्ष मिनिटभरात गारद झाले.

मग तिनं एक टोपी उलटी केली, घामपट्टीचा जोड अंगठ्यानं चाचपला आणि पट्टीच्या कापलेल्या कडेवर थांबली.

“खडू मी टाकला,” ती म्हणाली. “तक्ता समोर ठेवून टाकला. खडू चुकलेला नाही. म्हणजे कात्री.”

ती सुनेकडे वळली.

“उद्यापासून कात्री माझ्याकडे. तू रंगाचं बघ.”

ती हे रागावून बोलली नव्हती. पाणी तापलं का बघ म्हणावं तशा आवाजात बोलली, आणि म्हणून ते सगळ्यांना जास्त लागलं. सुनेच्या गळ्यात कात्री लोंबत होती, काळ्या फितीला बांधलेली. ती या घरात आली त्या वर्षी आईनं स्वतः तिच्या गळ्यात घातली होती. त्याआधी तिला सरळ रेघसुद्धा कापता येत नव्हती. त्यानंतर तिच्या हाताखालून गेलं नाही असं एक चिंधूक या घरातून बाहेर पडलं नव्हतं. सुनेनं हात मानेमागे नेला आणि फितीची गाठ सोडायला घेतली. गाठ अठरा वर्षांची, सुटेना.

थोरला “आई—” म्हणाला आणि तिथंच अडला. त्याला बायकोची बाजू घ्यायची होती आणि आईची सोडायची नव्हती. त्याच्या आयुष्यातली बहुतेक वाक्यं याच जागी थांबत आली होती.

धाकटी उठली. तिला आता राहवत नव्हतं. टेप घेऊन ती आईजवळ गेली. खात्यात ती साहेबांनाही चुका दाखवायची. तशा वेळी तिचा आवाज मऊ व्हायचा, तसाच आता झाला.

“आई, हात दे जरा. डावा. टेबलावर ठेव, पूर्ण उघडून.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. “कशाला?”

“बघू दे ना. एकच गोष्ट बघायची आहे.”

आईचा हात टेबलाच्या कडेशी होता, अर्धा मिटलेला. तो हलला नाही. आत्यानं शिवण खाली ठेवली. सगळे त्या हाताकडे बघत होते आणि आईला ते दिसत होतं.

“माझी चूक आहे,” सून म्हणाली.

ती अजून गाठीशी झटत होती, मान खाली होती.

“खडूच्या आत कापलं मी. त्या दिवशी लक्ष नव्हतं. वन्सं, टेप राहू द्या.”

धाकटीनं तोंड उघडलं. वहिनीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि धाकटीनं तोंड मिटलं. पोलादी पट्टी खटकन आपल्या डबीत परत गेली.

“खडूच्या आत,” आई म्हणाली.

“हो.”

“चोवीस वेळा?”

“हो.”

“सारखंच?”

या वेळी हो यायला थोडा वेळ लागला, पण आला.

आई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. या पोरीला तिनं पहिली दोन वर्षं जुन्या कागदावर कापायला बसवलं होतं. खडूच्या बाहेर केसभर गेली तर कागद परत. आत गेली तर जेवणसुद्धा उशिरा. तिसऱ्या वर्षापासून ती आत गेली नव्हती, बाहेरही गेली नव्हती. तापात गेली नव्हती, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी गेली नव्हती, तिची स्वतःची आई गेल्याचा फोन आला त्या दुपारी हातातलं अस्तर पुरं कापून मगच ती रडायला वर गेली होती. ही पोर चोवीस वेळा खडूच्या आत गेली असं म्हणत होती, मान खाली घालून, आणि तिला खोटं बोलायची सवय नसल्यानं कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आईनं हात टेबलावरून उचलून पदराआड घेतला.

“वन्सं,” ती आत्याला म्हणाली, “चहा टाकता का सगळ्यांना? वरती.”

आत्याला हे लगेच ऐकू आलं. ती उठली, जाता जाता भाच्याच्या पाठीवर थाप मारली, भाचीच्या दंडाला धरलं आणि दोघांना पुढे घालून जिना चढू लागली. चहाला तीन माणसं कशाला लागतात, असं थोरल्यानं विचारलं. एकानं पाणी ठेवायचं आणि दोघांनी गप्प बसायचं, असं तिनं सांगितलं.

*

— ये इकडे. वाक. गाठ मी सोडवते.

— सुटत नाही ती.

— नाहीच सुटत. राहू दे मग.

— ...

— कधीपासून?

— चौथ्या पट्टीपासून.

— ते नाही विचारत. माझ्या सुया कधीपासून ओवतेस?

— थंडी सुरू झाली तेव्हापासून.

— मला वाटायचं, माझी नजर सुधारली.

— ...

— हसू नकोस. खरंच वाटायचं. वन्संना सांगितलंसुद्धा मी, की बघा, या वयात बिनचष्म्याची सुई ओवते. आणि मेणाची डबी?

— तीही.

— मग सांगायचं होतंस ना, पोरी. चोवीस टोप्या. लोकांच्या कपाळावर वळ.

— हो. सांगायला हवं होतं.

— का नाही सांगितलंस?

— तुम्ही गात होता.

— मी?

— त्या दिवशी. पट्ट्यांवर खडू टाकताना. पाचव्या पट्टीला मी सांगणार होते. मग म्हटलं हे गाणं संपू दे. ते संपलं नाही. सगळ्या पट्ट्या संपल्या.

*

आईनं खुर्ची टेबलाशी ओढून घेतली. मग म्हणाली, तो टेप दे.

धाकटी टेप टेबलावरच विसरून गेली होती, किंवा विसरली नव्हती. सुनेनं तो उघडून लाकडावर धरला. आईनं डावा हात बाहेर काढला, अंगठा शून्याशी टेकवला आणि बाकीची बोटं पसरायला लागली. तिसरं बोट गेलं, चौथं गेलं. करंगळी आपल्या जागी वळून पडून राहिली. आईनं उजव्या हातानं तिला धरलं आणि हळूहळू जेवढी जाईल तेवढी नेली.

“वाच,” आई म्हणाली. “मला बारीक दिसत नाही.”

“एकोणीस. वर तीन.”

“वीस होती.”

“हो.”

“ह्यांनी मोजली होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. याच टेबलावर. एकदा मोजली, वीस. म्हणाले, परत बघू. परत वीस. असं पाचदा मोजली. मला वाटलं, काय नीटनेटका माणूस आहे.” ती थांबली. “मग कळलं, हात सोडवत नव्हता त्यांना.”

सुनेनं टेप मिटला नाही. सासूच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तो वळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांच्या पेरांवर सुईची छिद्रं होती, कित्येक वर्षांची, काळी. हात थंड होता. आईनं तो काढून घेतला नाही.

“कात्रीचं जे बोलले ना मी,” आई म्हणाली.

“जाऊ द्या.”

“जाऊ कसं देऊ? सगळ्यांसमोर बोलले. सगळ्यांसमोर मागे घ्यायला नको?” मग जरा वेळानं, खालच्या आवाजात: “मला कळलं होतं गं. टोपी उलटी केली तेव्हाच. कापलेली कड बघितली, अगदी खडूवर, खडूची भुकटी अजून कडेला. माझ्या हातून गेलं असेल हे मला मान्यच करता येईना. म्हणून तुझ्यावर ढकललं. तू जवळ होतीस म्हणून.”

हे सुनेला लागलं होतं आणि लागायला हवंच होतं. पण जवळ होतीस म्हणून, हे शब्द ती पुढे कितीतरी दिवस मनाशी उलटेसुलटे करून बघणार होती.

*

चहा घेऊन सगळे खाली आले. आईनं कप हातात घ्यायच्या आधी सांगून टाकलं. कात्री चुकलेली नाही, खडू चुकला. माझी वीत आखडली. हिनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी, आणि ते मी ऐकून घेतलं असतं तर मला पुन्हा या टेबलाशी बसायचं तोंड राहिलं नसतं. एवढं बोलून तिनं चहाचा घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली.

थोरल्याला एकदम रडू आलं. ते लपवायला तो साच्यांकडे गेला आणि ढब्बू दोन्ही हातांनी उचलून खाली आणला.

धाकटी आपला टेप पुढे करत म्हणाली की आता तरी आकड्यांवर या. आत्या म्हणाली, तुझ्या टेपनं शेतं मोज, डोकी आम्ही बघतो. त्यावर दोघींचं थोडा वेळ चाललं. आईनं दोघींना बोलू दिलं. मग खडूचा तुकडा टेबलावरून उचलून सुनेपुढे ठेवला.

“वीत म्हण, टेप म्हण, दोरी म्हण,” ती म्हणाली. “कशानं मोजायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस. माझं ऐकायची सवय आहे तुला, म्हणून सांगते, विचारू नकोस.”

सुनेनं खडू घेतला. तिची स्वतःची वीत सतराची, सगळ्या घराला माहीत होती. तिनं टेप घेतला. धाकटीनं आत्याकडे पाहिलं. आत्या शिवणीत घुसली होती आणि तिला काही दिसत नव्हतं.

मग कामाला लागायचं होतं. सहा दिवस आणि तेवीस टोप्या, बासरीवालीची तेवढी सोडून. फिती उसवायच्या, अस्तरं उसवायची, पट्ट्या नव्यानं कापायच्या, फेल्ट पुन्हा वाफवून मोठ्या साच्यावर ओढायचं. ओढलं तर येतं, फार ओढलं तर मधे पातळ होतं आणि मग त्याला काही उपाय नाही. उसवायचं काम आत्या आणि धाकटीकडे गेलं. धाकटीनं वीस वर्षांत हातात सुई धरली नव्हती, पण उसवायला ती लहानपणीही हुशार होती, असं आत्यानं सगळ्यांना सांगितलं. थोरल्यानं किटली चढवली.

पहिली टोपी मोठ्या ढोलाची. किटलीच्या तोंडाशी धरून धरून फेल्ट मऊ झालं, जड झालं, ओल्या लोकरीचा वास खोलीभर झाला. थोरल्यानं ती साच्यावर चढवली आणि दोन्ही बाजूंनी काठ धरायला दोन माणसं बोलावली, तर आई उठली. तो नको म्हणणार होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको बाजूला सरकली आणि तिनं आईला जागा करून दिली.

सासू-सून समोरासमोर उभ्या राहिल्या, मध्ये थोरल्यानं धरलेला साचा. वाफेत आईचा हात हळूहळू ऊन झाला. करंगळी सरळ झाली नाही, पण थोडी सैल पडली, काठाखाली शिरण्यापुरती. दोघींनी एकदम ओढलं. फेल्ट जागचं हललं नाही. पुन्हा ओढलं. या वेळी ते केसभर खाली आलं, आणि आईनं सवयीनं अंगठा मधल्या भागावरून फिरवला, कुठं पातळ होतंय का बघायला. बोटांना पूर्वीसारखं कळलं नाही. तिनं अंगठा पुन्हा फिरवला. तरी कळलं नाही.

पन्नास वर्षांत या साच्यांशी तिनं कुणाला विचारलं नव्हतं. तिलाच विचारायचे, थोरला विचारायचा, सून विचारायची, वडीलसुद्धा विचारायचे.

“पुरे?” तिनं विचारलं.

सुनेनं फेल्टवर हात ठेवला. घाई केली नाही. माथ्यापासून काठापर्यंत सगळीकडून चाचपून बघितलं, जिथं आईचा अंगठा फिरला होता तिथंही. वाफेनं दोघींचे चेहरे ओले झाले होते.

“अजून थोडं,” ती म्हणाली.

आईनं पाय नीट रोवले आणि काठ पुन्हा धरला.